बंदुकांच्या पुस्तकांचे बशीरचाचा

बशीरचाचा तांबोळी कुठलंही पुस्तक मागून उघडायचे. लग्नपत्रिका हातात दिली तरी आधी उलटी करून छापखान्याचं नाव बघायचे आणि मग विचारायचे, "मुलगी कुणाची?" मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "चाचा, उर्दूची सवय दिसते." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "भाऊ, उर्दू मला सहीपुरती येते. ही सवय बंदुकांची आहे. बंदुकीच्या पुस्तकात पुढं सगळा पोशाख असतो. खरं काय ते मागच्या पानावर."

बंदुकीचं पुस्तक म्हणजे कॅटलॉग. इंग्रजांच्या काळात विलायतेतल्या बंदूकवाल्या कंपन्या शिकारीच्या बंदुकांची चित्रं छापून असे कॅटलॉग साहेबलोकांना, संस्थानिकांना, जहागीरदारांना पोस्टानं पाठवायच्या. नगरला लष्कर होतं, साहेब होते, आजूबाजूला शिकार होती, त्यामुळे इथल्या माळ्यांवर आणि रद्दीत ते अजून सापडतात. त्यांच्यावर साल छापलेलं नसतं. ते कधीचे, अस्सल की नक्कल, आणि आज त्यांची काय किंमत, हे ओळखणारा आमच्या जिल्ह्यात एकच माणूस होता. अशी काही विद्या असते हेच मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी विमा विकतो. कुठल्याही गोष्टीची किंमत आपल्याला सांगता येते, असा तोवर माझा समज होता.

चाचांनी कापडबाजारामागच्या एका बंदूक-काडतुसाच्या दुकानात उभी हयात लायसन्सच्या वह्या लिहिल्या. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं कपाटातले जुने कॅटलॉग त्यांना देऊन टाकले, आणि तिथून हा नाद लागला. पण आयुष्यात त्यांनी बंदूक एकदाही उडवली नाही. त्यांना आवाजाची भीती वाटायची. साधी नाही, हातपाय गार पडणारी. दिवाळीचे पाच दिवस ते लेकीकडे राहुरीला मळ्यात जाऊन राहायचे. रस्त्यात फटाके वाजवणारी वरात दिसली की समोर येईल त्या दुकानात शिरायचे आणि शिरलोच आहोत तर म्हणून काहीतरी विकत घ्यायचे. त्यांच्या घरी सात छत्र्या होत्या. एकदा जवळ बांगड्यांचंच दुकान होतं. चाची सांगायच्या, "लग्नानंतर मला यांनी बांगड्या घेतल्या त्या एकदाच, आणि त्याही दुसऱ्याच्या वरातीमुळं!"

आमची पहिली भेट झेरॉक्सच्या दुकानात झाली, आणि ती माझ्या मूर्खपणामुळे झाली.

त्यासाठी आधी आमच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. नेवाशाकडच्या आमच्या गावात आम्हाला 'बंदुकवाले' म्हणतात. माझे आजोबा कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे शेतांना पाण्याची पाळी लावून देणारे. कालव्याच्या गोऱ्या साहेबाला शिकारीचा शौक होता आणि आजोबा त्याच्याबरोबर हिंडायचे. साहेब विलायतेला परत जाताना आजोबांना आपल्यासारखीच दुनळी बंदूक मागवून देऊन गेला, पुढे ती सरकारजमा झाली, आणि मागे राहिलं ते बंदुकीचं पुस्तक. ही कथा आम्हाला आत्याबाईंनी सांगितली. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे, आवाज ट्रॅक्टरवरून हाक मारता येईल असा. दर खंडेनवमीला सगळी गावं कोयते, नांगर, विळे पुजतात. आमच्याकडे पाटावर ते पुस्तक उघडून ठेवायचं, त्यातल्या बंदुकीच्या चित्राला हळदकुंकू वाहायचं, आणि आरती झाली की बंदुकीच्या मानाचा म्हणून अंगणात एक सुतळी बॉम्ब लावायचा. साठ-पासष्ट वर्षं हे चाललं होतं. शेजारचा भानुदास दरवर्षी कुंपणावरून ओरडायचा, "बंदुकवाले, अवो एकदा खरा बार तर काढा!" आणि आत्याबाई दरवर्षी उत्तर द्यायच्या, "तुज्या बानं काढला हुता का कदी?"

मध्यंतरी पुण्याच्या कुणा शौकिनाचा मला फोन आला. असली पुस्तकं तो विकत घेतो म्हणाला. माझे कान टवकारले. "नुसतं बघायला नेतो," असं सांगून खंडेनवमीच्या चार दिवस आधी मी पुस्तक आत्याबाईंकडून आणलं. त्यांनी बजावलं, "पूजेला माघारी पायजे, इलास. न्हाई आलं तर तुला पाटावर बशिवते." आणि निघताना, मी डाव्या हातानं पिशवी घेतली म्हणून हातावर चापट मारली. मी डावखुरा. लहानपणी या हातावर मी जेवढे फटके खाल्ले तेवढे परीक्षेत मार्क मिळाले असते तर आज विमा विकत नसतो. आत्याबाईंचं एकच पालुपद: "आपल्या घराण्यात डावा कुनी न्हाई. ह्यो कुटून निपजला?"

तर, पुस्तक जुनं, पानं सुटायला आलेली. मी काय करावं? लॅमिनेशन. आमच्या घरात लॅमिनेशन हा सोळा संस्कारांनंतरचा सतरावा संस्कार आहे. रेशनकार्ड, सातबारा, मुलांची सर्टिफिकेटं, एकदा तर डॉक्टरची चिठ्ठीही मी लॅमिनेट केली आहे. बायको म्हणते, "मी जरा गप्प बसले की घाबरते, न जाणो मलाही घेऊन जाल." दुकानात सातबारा मशीनमध्ये शिरला होता आणि पुढचा नंबर पुस्तकाच्या कव्हरचा होता. मी ते पिनांमधून ओढायला नुकता अंगठा घातला, एवढ्यात मागून किंकाळी आली. "थांबाऽऽ!"

एक काटकुळा म्हातारा माझ्या अंगावरून झेपावला आणि त्यानं मशीनचा प्लगच भिंतीतून उपटला. सातबारा अर्धा आत, अर्धा बाहेर. दुकानदार ओरडला, "ओ चाचा, काय करताय!" चाचांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी दोन्ही हात शर्टाला पुसले, पुस्तक असं घेतलं जसं कुणी तान्हं मूल मांडीवर घेतं, आणि मला विचारलं, "याला हात कुणी लावला?"

"मी."

"धुतला होता?"

मला तासाभरापूर्वी खाल्लेली भजी आठवली आणि मी हात पाठीमागे नेला.

त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी बसून मी पुढचे दोन दिवस जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. टेबलावर धुतलेला पांढरा पंचा, त्यावर पुस्तक, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. "हे बघा भाऊ, पीन. पीन गंजलेली पाहिजे आणि तिचा गंज पानात उतरलेला पाहिजे. पीन गंजकी आणि पान कोरं, म्हणजे कुणीतरी मागून लबाडी केली. लग्न आजचं आणि नातू दहावीला, असं कसं चालेल?" मग कव्हरवरची उडती बदकं भिंगाखाली आली. जुन्याचा फोटो काढून नवी नक्कल छापली की छपाईच्या ठिपक्यांवर ठिपके बसतात, जाळीवर जाळी टाकल्यासारखी नक्षी दिसते. आमच्या बदकांचे पंख स्वच्छ होते. मग कंपनीचा पत्ता, टेलिफोनचा नंबर किती आकडी, कुठल्या राजाचे बंदूकवाले म्हणून मिरवलंय. "राजा मेला की यांना पान बदलावं लागतं," चाचा म्हणाले. "आपल्याकडं पुढारी बदलला की फ्लेक्स बदलतात, तसं."

प्रत्येक बंदुकीखाली एक विचित्र शब्द छापलेला होता. तो तारेचा शब्द. तार करताना शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून साहेबानं तेवढा एकच शब्द पाठवायचा, की कंपनी समजायची कुठली बंदूक हवी ते. चाचांना असे शेकडो शब्द पाठ होते. चाची स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आणि मी सांगितलेली कोथिंबीर लक्षात राहत नाही."

मला खरी धाकधूक एकतिसाव्या पानाची होती. तिथल्या दुनळी बंदुकीवर हळदकुंकवाचा थर होता. मी ओशाळून म्हटलं, "डागामुळं भाव पडणार ना?" चाचांनी भिंग काढलं. "चहाचा डाग म्हणजे हलगर्जीपणा, त्याचा भाव पडतो. हा डाग नाही. मी 'पूजेची खूण' असं लिहीन."

लिहीन म्हणजे चिठ्ठीत. तपासलेल्या प्रत्येक पुस्तकाची ते एक चिठ्ठी करायचे. त्यांचं म्हणणं होतं, "ओळख पेननं, भाव पेन्सिलीनं. पुस्तक काय आहे ते बदलत नाही. भाव रोज बदलतो, त्याला खोडायला जागा ठेवावी." त्यांच्या चिठ्ठीवर पुण्या-मुंबईचे शौकीन डोळे झाकून विश्वास ठेवायचे, कारण तिच्यात कधी एक अक्षर जास्त नव्हतं आणि एक अक्षर कमीही नव्हतं.

खरं तर या सगळ्याआधी, अगदी पहिल्यांदा, त्यांनी पुस्तक मागूनच उघडलं होतं. पण शेवटचं पान कव्हरला चिकटलेलं होतं. ते त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं. त्या दिवशी लोणी लावायची बोथट सुरी घेऊन, श्वास रोखून, त्यांनी ते केसाकेसानं सोडवलं. आत घडी घातलेला ऑर्डरचा फॉर्म होता. फाडून पाठवायचा असतो, म्हणून बहुतेक पुस्तकांत तो नसतोच. तो असला की किंमत वाढते. मी टाळी वाजवली. चाचा दचकले, आणि मग फॉर्म भिंगाखाली धरून वाचू लागले.

"भाऊ, हा भरलेला आहे."

न खोडता येणाऱ्या जांभळ्या शाईच्या पेन्सिलीनं भरलेला. इंग्रजी अक्षर कुणा कारकुनाचं, खाली मोडीत आजोबांची सही. बंदुकीच्या जागी एकतिसाव्या पानावरच्या दुनळीचा तारेचा शब्द. आणि फॉर्म जागच्या जागी, न फाडलेला.

"म्हणजे?"

"म्हणजे पोस्टात गेलाच नाही. बंदूक आलीच नाही."

मी वाद घातला. तार केली असेल, साहेबानं स्वतःचीच दिली असेल. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी जुन्या लायसन्सच्या वह्या उतरवून काढल्यात. नेवाशाकडच्या बंदुकीचं प्रत्येक नाव मला पाठ. तुमचं आडनाव ऐकलं तेव्हाच वाटलं होतं, हे त्यात नाही. पण म्हटलं, आधी कागद काय म्हणतो ते बघू."

माझ्या डोळ्यांसमोर आत्याबाई आल्या. सहा वर्षांच्या असताना बाप गेला. बापाचा एक फोटो नाही. सगळ्या आयुष्यात बापाची म्हणून त्यांच्याकडे ती एक बंदूक होती, आणि तीसुद्धा नसलेली. मी हात जोडले. "चाचा, चिठ्ठीत तेवढं एक वाक्य गाळा. कुणाचं काय बिघडतंय?"

"कागदानं सांगितलेलं मी गिळलं, तर उद्या माझ्या चिठ्ठीची रद्दी होईल." मग म्हणाले, "पुस्तकाचा मालक कोण? तुम्ही?"

"आत्याबाई."

"मग चिठ्ठी त्यांची. मी येऊन वाचून दाखवतो. असलं पोस्टानं पाठवायचं नसतं."

त्यानंतर मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

खंडेनवमीला चाचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या स्कूटरवर मागे बसून आले. आत्याबाईंच्या स्लॅबच्या घरासमोर ट्रॅक्टरला झेंडूची माळ, ओसरीत विळे, कोयते, फवारणीचा पंप, आत्याबाईंचं शिलाईमशीन, सगळे कुंकू लावून बसलेले. मध्ये रिकामा पाट. कुंपणाला भानुदास. आणि अंगणाच्या मधोमध, विटेवर, हिरवा सुतळी बॉम्ब.

चाचांनी तो पाहिला. "हे काय?"

मी हे सांगायला विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. सांगितल्यावर त्यांच्या कपाळावर घाम आला. मी हळूच म्हटलं, "परत जायचं का? चिठ्ठी मी नंतर देतो." माझा त्यात स्वार्थ होता, हे त्यांनाही कळलं असणार. त्यांनी नकारार्थी मान हलवली, बॉम्बकडे पाठ करून ओसरीत बसले आणि म्हणाले, "आत्याबाई, पूजेआधी दोन शब्द ऐकता का?"

"दोन काय, धा ऐकते. तुमी इतक्या लांबनं आला. बोला."

चाचांनी चिठ्ठी मागच्या बाजूनं नाही, या वेळी पुढून, पहिल्या ओळीपासून वाचली. पिना, बदकं, राजा. पूजेची खूण. मग फॉर्म. आवाज न चढवता, न उतरवता. "फॉर्म भरलेला, पाठवलेला नाही. सबब ही बंदूक या घरी आलेली नाही."

कुंपणाजवळ भानुदाससुद्धा हसला नाही.

आत्याबाईंनी पाटाकडे बघितलं. "म्हंजी बंदूक न्हवती."

"नव्हती."

"मंग सरकारनं काय न्येलं?"

"काही नाही नेलं, आत्याबाई."

मला वाटलं, आता संपलं. मी पुढे होऊन काहीतरी समजुतीचं बोलणार, विमा विकतानाचा आवाज लावणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, "अजून आहे. बंदूक अंगाच्या मापानं बेतायची, म्हणून फॉर्मवर माप घेतात. तुमच्या वडिलांचं माप आहे इथं. उंची पाच फूट तीन इंच."

"काय?" आत्याबाई ताठ झाल्या. "माजा बाप सा फुटाचा हुता!"

"तुम्ही सहा वर्षांच्या होता," चाचा म्हणाले. "खालून बघितलं की सगळे बाप सहा फुटांचे."

आत्याबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. चाचा पुढे वाचत गेले. छाती एवढी. हात, खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, एवढा. "बंदूक कोणत्या खांद्याला लावणार? डाव्या."

"चूक हाय," आत्याबाई ताडकन म्हणाल्या. "आमच्यात डावा कुनी न्हाई." आणि सवयीनं माझ्याकडे डोळे वटारले.

चाचा कधी नव्हे ते अडखळले. "कागद तर डावा म्हणतो."

"कागदाला काय कळतंय? मला सगळं याद हाय. मळ्यात कोल्हं आलं का त्यो दगुड मारायचा, असा..." आणि बसल्या जागी त्यांनी हात मागे नेऊन, मनगट वळवून, सहा वर्षांच्या पोरीनं पाहिलेला दगड फेकून दाखवला.

हात डावा होता.

त्यांचा त्यांनाच दिसला. तो तसाच वर धरून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आगं बया." मग पुन्हा फेकला. पुन्हा डावाच. आणि मग त्या जे हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तरीच! घरात बंदूक असती तर कोल्ह्याला दगुड कशाला मारला असता? इतकी वर्सं मला हे कसं सुचलं न्हाई रं?" मग माझा हात ओढून, ज्याच्यावर त्यांनी चाळीस वर्षं चापट्या मारल्या तोच, त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला. "इलास, ह्यो माज्या बाचा हात हाय. मी ह्याला मारत हुते."

फवारणीच्या पंपाआडून माझा भाचा म्हणाला, "आज्जे, बॉम्ब लावू का?"

"बंदूकच न्हवती तर बार कशाचा? उचल ते." बशीरचाचांनी आयुष्यात सुटकेचे जेवढे सुस्कारे सोडले असतील, त्यातला तो सर्वांत मोठा असणार.

पूजा झाली. त्या वर्षी पुस्तक शेवटच्या पानावर उघडलं. आत्याबाई कुंकवात बोट बुडवून फॉर्मकडे वळल्या तशी चाचांनी पुन्हा तीच झेरॉक्सच्या दुकानातली किंकाळी फोडली. मग खिशातून पारदर्शक प्लॅस्टिकचं पाकीट काढून फॉर्म त्यात अलगद सरकवला आणि म्हणाले, "आता लावा. वरून." मी म्हटलं, "म्हणजे लॅमिनेशनच की!" त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी इथं लिहू शकत नाही.

पुण्याच्या माणसाचं मी घाबरत सांगितलं. "बाचं माप इकायचं व्हय?" एवढंच आत्याबाई म्हणाल्या. चाचांनी चिठ्ठी पुढे घेतली, भावाच्या जागेचा पेन्सिलीचा आकडा खोडला, आणि त्या जागी, मी पाहिलं ते एकदाच, पेननं लिहिलं: 'विकायचं नाही.'

जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी शिलाईमशीनच्या खणातून टेप काढली. "चाचा, हुबं ऱ्हावा. तुमचं बी माप घ्यायचंय."

"मला? मला बंदूक कशाला, आत्याबाई? मी टिकल्यांनाही घाबरतो."

"बंदुकीला न्हवं. तुमी आमच्या बाला माज्या पुढ्यात हुबा क्येला. उद्या तुमाला कुनी हुबं करायचं?"

चाचा लाजत उभे राहिले. त्या मापं घेत गेल्या आणि मी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत गेलो. डाव्या हातानं. कुणी चापट मारली नाही.

गेल्या दिवाळीला चाचा नेहमीप्रमाणे राहुरीला गेले आणि तिथंच, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, लेकीच्या मळ्यात चहा पिता पिता गेले. लेक म्हणाली, आवाज अजिबात नव्हता. माझ्या मोबाईलमध्ये त्यांचे फोटो ढिगानं आहेत, बहुतेकांत ते माझ्यावर वैतागलेले आहेत. पण यंदाच्या खंडेनवमीला आत्याबाईंनी पाटावर चिठ्ठीही ठेवायला सांगितली. मी ती चाचांच्या पद्धतीनं मागून वाचायला घेतली. उंची पाच फूट पाच. हात, खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, अठ्ठावीस इंच. खांदा: उजवा. मग उलटून पुढची बाजू, आणि खाली पेननं लिहिलेले ते दोन शब्द.

भानुदास कुंपणावरून म्हणाला, "बंदुकवाले, बार काढा की!"

आत्याबाई म्हणाल्या, "गप ऱ्हा. चाचा बसल्यात."